आधी रिकामा मांडव

तुमच्या घरात उद्या मरण झालं, तर घरातल्या कोणाला शेवटचा चेहरा पाहू द्यायचा नाही, हे तुम्ही आजच ठरवून ठेवलंय का?

नाही म्हणाल. असं विचारल्याचा रागही येईल. आमच्या घरातही कोणी ठरवलं नव्हतं. तरीही आई गेली त्या दिवशी माझी मोठी बहीण, आईची पहिली लेक, शेजारच्या घरी धानाच्या कोठीत बसलेली होती आणि कोठीला बाहेरून कडी लावलेली होती.

धानाची रोपं लावायचे, रोवणीचे दिवस होते. आईला ताप होता, पण रोवणीत कोणाला ताप नसतो? अंग दुखतं म्हणाली, गोळी घेतली, पुन्हा शेतात, चिखलाच्या बांधीत उतरली. मग एका सकाळी तिला उठवेना. अँब्युलन्स आली तेव्हा ती कशीबशी उठून स्वतः चालत गेली, माझा हात धरून, अनवाणी. चपला दाराशीच राहिल्या. ताई अंगणात पाण्याचा पितळी गुंड घेऊन उभी होती. आई तिला म्हणाली, "येतो मी. पाणी भरून ठेवजो." ताईनं आईशी केलेलं हे शेवटचं बोलणं. बोलणं म्हणजे आई बोलली आणि ताईनं गुंड भरला.

आई चंद्रपूरला दवाखान्यातच वारली. मी सोबत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी तिला घेऊन परत आलो तर दारात गाव जमलेलं. बाया बांधीतून तशाच आल्या होत्या, पोटऱ्यांपर्यंत चिखल, लुगडी ओली. आमच्याकडची रीत ठाऊक असेल तुम्हाला. आलेली प्रत्येक बाई घरातल्या बाईच्या गळ्यात पडते आणि मोठ्यानं रडते. गेलेल्या माणसाचे गुण सांगत रडते. एक सुटली की दुसरी. घरची मोठी लेक असेल तर तिच्या गळ्यात आधी. न पडणाऱ्या बाईला दगडाच्या काळजाची म्हणतात.

मी यायच्या आधीच बायांनी ताईला गाठलं होतं. ज्या ताईला आईसुद्धा विचारल्याशिवाय हात लावत नव्हती, तिच्या गळ्यात एकामागून एक ओली, रडणारी, अनोळखी वासाची माणसं पडत गेली. ताई किंचाळली. एका काकूला चावली. मग मावशीनं, आईच्या धाकट्या बहिणीनं, तिला ओढत शेजारी नेलं, कोठीत बसवलं आणि कडी लावली. रागानं नाही. मावशीचा ताईवर जीव आहे. तिला वाटलं, पोरगी वाचली.

"ताई कुठी आहे?" मी आल्याआल्या विचारलं.

"आहे बाजूले," मावशी म्हणाली आणि माझ्या गळ्यात पडली.

तिरडी बांधून झाली तेव्हा मी ओरडले की ताईला आणा, ताईला पाहू द्या. मोठेबाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, आभाळाकडे पाहत होते. लाकडं ओली व्हायच्या आत पोचायचं होतं.

"इतक्या गर्दीत? अजून बिचकल ते. राहू दे बेटा. तिले काय समजते?"

तिला काय समजतं. या तीन शब्दांशी भांडण्यात आईनं हयात घालवली होती, आणि त्याच तीन शब्दांवर आईला उचलून नेलं.

स्मशानातून परत येऊन मी कोठी उघडली. ताई पोत्यांच्या फटीत बसली होती, दोन्ही कानांवर हात, गालाला धानाचा कोंडा. मला पाहून तिनं कानांवरचे हात काढले आणि विचारलं, "आई कवा येते?"

आता ताईबद्दल सांगते.

ताई माझ्याहून बरीच मोठी. तालुक्याच्या शिबिरात एका डॉक्टरांनी तिला ऑटिझम आहे असं सांगितलं, तेव्हा ती मोठी बाई झालेली होती. मराठीत त्याला स्वमग्नता म्हणतात. हा शब्द ज्यानं काढला त्यानं आमची ताई पाहिली नव्हती. स्वतःत मग्न? ताईला घरातल्या प्रत्येकाच्या पावलांचा आवाज ओळखता येतो. बाबा शाळेतून येताना फाटकापाशी पोचायच्या आत त्यांचा पाण्याचा गिलास भरलेला असे. ती आमच्यातच मग्न होती. आम्हीच आमच्यात मग्न होतो.

ती स्वतःची वाक्यं कमी बोलते. ऐकलेली बोलते, ज्याची त्याच्या आवाजात. आई अंगणवाडीत मदतनीस होती, खिचडी शिजवायची, आणि ताई रोज तिच्यासोबत जाऊन बोरिंगवरून पाणी भरायची. गुंड काठोकाठ भरला तरी ताई हापसणं थांबवायची नाही. पाणी काठावरून चारी बाजूंनी खाली उतरतं, पितळेवरून एकसारखं, ते तिला पाहायचं असे. आई ओरडायची, "भरला ना वो, सोड आता!" आणि थोडं थांबून, हळू आवाजात, "बरं, पाह्य अजून."

पंगतीत पाणी वाढायचं काम ताईचं. गिलास इतके भरायची की उचलता येत नसत. गावात म्हण पडली होती, "इच्या हातचं पाणी पिवाचं तं तोंडच खाली न्या लागते." लोक हसत, वाकून पीत. ताईही हसे.

पण लग्नात, नामकरणात, विहारातल्या वर्षावासाच्या कार्यक्रमात ताई टिकत होती ती आईमुळे. आईची एक रीत होती. कोणाकडेही कार्य असलं की ती आदल्या दिवशी किंवा भल्या सकाळी ताईला घेऊन तिथं जाई आणि रिकामा मांडव दाखवी. "इथी नवरी बसते. इथी पंगत. हे स्पीकरचे डबे वाजतात, ते इथून." एकदा तर डीजेवाल्या पोराला म्हणाली, "बाबू, थोडं वाजवून दाखव न, पहिले धीरे, मंग मोठ्यानं."

"मावशी, ट्रायल घेऊन राह्यल्या का?" तो हसत म्हणाला.

"हो. पसंत पडलं तं लग्नात लावू, नाई तं बंद."

ताई खांबांना हात लावी, सतरंजीवर बसून पाही, कुठून निघून जाता येईल ते पाही. मग दुसऱ्या दिवशी तो मांडव माणसांनी भरला तरी तिच्या ओळखीचा असे. आई म्हणायची, "तिले आधी रिकामं दाखवा लागते, मंग भरलेलं." एवढंच. ना पैसा, ना शिबिर.

आईच्या मरणाचा मांडव ताईला कोणी रिकामा दाखवला नाही. तिनं तो सरळ भरलेलाच पाहिला. आणि ज्या माणसासाठी तो भरला होता, तेवढं माणूस पाहिलं नाही.

नंतरचे दिवस कसे होते? ताई रोज संध्याकाळी आईचा गिलास भरून ठेवायची. सकाळी ओतून द्यायची. दाराशी आईच्या चपला होत्या, त्या मावशीनं उचलून आत ठेवल्या की ही परत आणून दाराशी लावायची, बोटं बाहेरच्या बाजूला, घालून निघता येईल अशी. मूल गावाकडे जाणाऱ्या रोडवरून अँब्युलन्सचा आवाज आला की चपला हातात घेऊन फाटकाशी. आई अनवाणी गेली होती ना. उतरताना लागतील.

मी सांगितलं, ताई, आई मेली. ती म्हणाली, "मेली." माझ्याच आवाजात. आणि चपला पुसल्या.

मग जलदान विधी ठरला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या बौद्ध घरांत गेलेल्या माणसासाठी हा विधी करतात. ताटात एक वाटी ठेवतात, घरचं माणूस कलशातून तिच्यात सावकाश पाणी ओततं, गाथा म्हटल्या जातात, वाटी भरते आणि पाणी काठावरून ताटात वाहू लागतं. आपण जमवलेलं पुण्य भरून गेलेल्यांपर्यंत वाहत जावं, असा त्याचा अर्थ. ओतणाऱ्याला घरच्या सगळ्यांनी हात लावायचा, आणि त्यांना मागच्यांनी.

वाचताना तुमच्या जे लक्षात आलं ते माझ्या लक्षात यायला दोन रात्री गेल्या. काठावरून पाणी वाहू देणं! आमच्या घरात या विधीची जन्मभर तयारी केलेलं एकच माणूस होतं.

मी मोठेबाबांकडे गेले. ते विहाराच्या समितीचे अध्यक्ष. गावात विधी तेच लावतात. मी वाचायला शिकले ती त्यांच्या आणि बाबांच्या पत्रकांवर. पुस्तकं आमच्या घरी नंतर आली. "तेरवी बंद करा." "हुंडा घेणाऱ्याच्या पंगतीला बसू नका." "माणसाला कमी लेखणारी रूढी मोडा, मग ती कोणाची का असेना." उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी गणितं केली. दोन भाऊ सायकलवर भर उन्हात गावोगाव पत्रकं वाटत हिंडायचे, आणि मी दांडीवर बसून मोठ्यानं वाचून दाखवायची. ते सगळं मी खरं मानलं होतं. अजून मानते.

मोठेबाबांच्या अंगणात मंडपवाला बसला होता. लाऊडस्पीकर किती, बॅनरवर फोटो कोणता, भाषणं कोणाची, हे चाललं होतं.

मी म्हटलं, "पाणी ताई ओतन. स्पीकर नाई लावाचा. तिच्या अंगाले कोणी हात नाई लावाचा. आणि सकाळी तिले रिकामं विहार दाखवाचं."

मोठेबाबांनी चष्मा काढला. "बेटा, बाहेरगावचे लोक येतीन. स्पीकर नाई तं मागच्याले ऐकू कसं येईन?"

"मागच्यानं पुढी यावं."

"आणि हात नाई लावाचा म्हणजे? विधी हाय तो. एका पोरीसाठी साऱ्या समाजानं रीत बदलवाची का?"

"तेरवी कोणासाठी बदलवली होती?"

"ते अंधश्रद्धा होती!"

"मोठेबाबा," मी म्हटलं, आणि माझा आवाज चढला, मंडपवाला खाली पाहू लागला, "तुमच्या आज्याले लोक काय म्हणत होते? बाहेर बस, तुह्यानं विधी बिघडते. तुम्हीच सांगतलं मले, सायकलवर. आज आपलं विहार हाय, आपला विधी हाय, आणि आपण आपल्याच पोरीले कोठीत घालून बाहेरून कडी लावतो."

त्यांनी चष्मा पुसला, परत घातला. मग मंडपवाल्याला म्हणाले, "स्पीकर कॅन्सल कर गा."

मी थांबले नाही. पत्रकावर वाढलेली मी, पत्रकच काढलं. तालुक्याला जाऊन छापून आणलं आणि घरोघर वाटलं. ताई कोण आहे, तिला काय सोसत नाही. हळू बोला. रडू आलं तर रडा, पण तिच्या गळ्यात पडू नका. तिनं तुमच्याकडे पाहिलं नाही तरी ती तुम्हाला ऐकतेय.

बोरिंगवर चर्चा झालीच.

"आता रडाले बी परमिशन लागते का वो बाप्पा?"

"शिकली न लेक. मायच्या मौतीचं बी पत्रक काढलं."

"मी तं वाचलं. बरोबर लिवलं पोट्टीनं. त्या दिवशी आपणच तिच्या अंगावर पडलो."

"तं काय आता दुरून नमस्कार करून रडाचं?"

"रडून पाह्य तं. येते का."

हसल्या. मला त्या हसण्याचा राग आला नाही. हसताहेत म्हणजे विचार करताहेत.

विधीच्या दिवशी सकाळी बाबा, मी आणि ताई विहारात गेलो. कोणी नव्हतं. मी आईसारखं सांगत गेले. "इथी तू बसतेस. इथी बाबा. लोक तिकडे. हे दार, वाटलं तं इथून जाजो." ताईनं भिंतीला हात लावला, फरशीवर बसून पाहिलं, दारातून बाहेर जाऊन परत आली. ताट, वाटी आणि कलश समोर ठेवलेला होता. कलश तिनं उचलून पाहिला, वजन घेतलं, ठेवला. मग वाटीच्या काठावरून बोट फिरवलं. बाबांनी तोंड फिरवलं. मला वाटलं, आता होईल. आता तिला कळेल की हे आईसाठी आहे, आई गेली आहे, आणि ती चपला उचलेल.

लोक आले. खरंच हळू आले. मोठेबाबांनी आवाज बसल्यासारखा खाली ठेवून वंदना घेतली. हात लावायच्या ऐवजी आम्ही बाबांच्या पांढऱ्या दुपट्ट्याचं एक टोक ताईच्या मांडीवर ठेवलं होतं, आणि घरच्या सगळ्यांनी तो दुपट्टा मागे धरला होता. तिला स्पर्श नाही, तरी सगळे जोडलेले. ताईनं कलश उचलला. धार इतकी बारीक आणि सरळ की मागची माणसं माना उंच करून पाहू लागली. पाणी वाटीत चढत गेलं.

काठाला यायला थोडंच उरलं होतं.

मावशी माझ्या मागे होती. तिच्या हातातही दुपट्टा होता. तिनं पत्रक वाचलं होतं, स्वतः दोन गल्ल्यांत वाटलंही होतं. पण समोर बहिणीचा फोटो, आणि तिच्या लेकीचा हात बहिणीसारखाच वाकलेला. मावशीच्या तोंडून आवाज निघाला. "अवो माय वो, माह्या बाईची लेक वो!" आणि ती ताईच्या गळ्यात पडली.

एक बाई रडली की रीत जागी होते. मागच्या बायांनी सूर धरला, उठल्या, पुढे आल्या.

कलश फरशीवर पडला. पितळेचा आवाज त्या लहान विहारात फिरत राहिला. ताई कानांवर हात ठेवून दारातून गेली, सकाळी पाहून ठेवलेल्या दारातून.

उरलेलं पाणी मोठेबाबांनी ओतलं. विधी पुरा झाला असं सगळे म्हणाले.

मावशीनं नंतर भिंतीवर डोकं आपटून घेतलं. तिला कोणी काही बोललं नाही, मीही नाही. ती चुकली असं मी कसं म्हणू? बाई गेली की बाईच्या गळ्यात पडायचं, हे तिच्या हातांना लहानपणापासून शिकवलेलं. मी एका पत्रकानं ते पुसायला निघाले होते. पत्रकं डोक्यापर्यंत पोचतात. हातांपर्यंत पोचायला वेळ लागतो, आणि आमच्याकडे तेवढा वेळ नव्हता. हे सगळं आई असताना, बाकीच्या मरणांत, बाकीच्या लग्नांत शिकायला हवं होतं साऱ्यांनी. आई एकटीच करत राहिली, आणि गावानं ते एका आईचं कौतुक म्हणून पाहिलं. गावाची रीत होऊ दिली नाही.

त्यानंतर काही दिवसांनी, संध्याकाळी, ताई अंगणात गुंड भरून ठेवत होती. बाबा घरातून ताट आणि वाटी घेऊन आले. ते तिच्या समोर ठेवलं आणि थोडं दूर जाऊन उकिडवे बसले. दुपट्ट्याचं एक टोक ताटाखाली, दुसरं त्यांच्या हातात. मी दारात होते. ताईनं लोट्यात पाणी घेतलं. बाबा गाथा म्हणू लागले, ओठांतल्या ओठांत. वाटी भरली. पाणी काठावर थरथरलं आणि चारी बाजूंनी एकसारखं खाली उतरलं. ताई ओतत राहिली. ताट भरलं, ताटातून अंगणात वाहिलं.

मग ती आईच्या आवाजात म्हणाली, "भरला ना वो, सोड आता."

आणि थोडं थांबून, हळू, "बरं, पाह्य अजून."

बाबांनी दुपट्टा तोंडावर घेतला. ताईनं त्यांच्याकडे पाहिलं नाही, पण लोटा खाली ठेवला आणि दुपट्ट्याचं आपल्याकडचं टोक हातात घेतलं. धरून राहिली.

इथं थांबले असते तर गोष्ट बरी झाली असती. पण काल मूल रोडवरून अँब्युलन्स गेली आणि ताई चपला घेऊन फाटकाशी उभी राहिली. तिनं आईला पाणी दिलं, पण आईचा निजलेला चेहरा तिनं पाहिला नाही. जो चेहरा पाहिला तो चालत गेलेला आहे, आणि चालत गेलेलं माणूस परत येतं. तिचा हिशोब बरोबर आहे. चूक आमची आहे, आणि ती आता कोणत्याही विधीनं दुरुस्त होत नाही.

म्हणून तुम्हाला मागते. सहानुभूती नको, ती आमच्याकडे पुष्कळ आली. तुमच्या घरात, तुमच्या गल्लीत ताईसारखं कोणी असेल. पुढच्या कार्याला, लग्न असो, नामकरण असो, विहारातली वंदना असो की देवळातली आरती, त्याला आदल्या दिवशी बोलवा आणि रिकामी जागा दाखवा. बाहेर जायचं दार दाखवा. आणि मरण झालं तर गाव जमायच्या आधी, रडणं सुरू व्हायच्या आधी, त्याला गेलेल्या माणसाजवळ न्या. हात लावायचा असेल तर लावू द्या, नसेल तर नुसतं बसू द्या. लाकडं थोडी भिजली तरी चालतील. तेवढा वेळ दाराला कडी लावा, आतून. बाहेरून नको.